नवी कुंडी जुनी दिसावी म्हणून: हिरडा, चुना, चिखल आणि शेवाळ

नवी मातीची कुंडी बागेत ठेवली की झाडाआधी तीच डोळ्यांत भरते. तिचा तो एकसारखा नारिंगी रंग आजूबाजूच्या कशाशीच जुळत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की आपोआप जुळतो, पण तेवढा धीर सगळ्यांना नसतो. शिवाय जुन्या पाच कुंड्यांच्या रांगेत सहावी कोरी आली की सगळी रांगच बिघडल्यासारखी वाटते. अशा वेळी कुंडीला थोडं 'पिकवता' येतं. त्यासाठी लागणारं बहुतेक सामान रंगाच्या दुकानात, काष्ठौषधींच्या दुकानात आणि कंपाउंडच्या भिंतीवर मिळतं.

हात लावण्याआधी एक खरी जुनी कुंडी नीट पाहून घ्या. पांढरे पापुद्रे कुंडीच्या मधल्या भागावर, माती असते त्या उंचीपर्यंतच दिसतील. मातीच्या वर उरलेला काठ बराच स्वच्छ असतो. हिरवट थर सावलीच्या बाजूला आणि बुडाजवळ जास्त. बुडापासून वीतभर उंचीपर्यंत पावसात उडालेल्या चिखलाचे शिंतोडे असतात. काळे ओघळ काठाखालून सुरू होऊन खाली पातळ होत जातात. झिजलेला भाग मात्र काठाचा, कारण उचलताना हात तिथेच पडतात.

यातली प्रत्येक खूण पाण्याने केलेली आहे. मातीच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात. आतलं पाणी त्यातून बाहेर झिरपतं, वाऱ्याने उडून जातं आणि येताना आणलेले क्षार बाहेरच्या अंगावर सोडून जातं. भिंत अशी कायम ओलसर राहते म्हणूनच शेवाळही धरतं. त्यामुळे पुढे जे काही कराल ते पाणी जिथून गेलं असतं तिथेच करायचं. सगळ्या कुंडीला सारखा हात फिरवला की ती जुनी न दिसता रंगवलेली दिसते.

कुंडी निवडताना

छिद्रं उघडी असलेली साधी, भाजलेली मातीची कुंडी हवी. बऱ्याच ठिकाणी विक्रीआधी कुंड्यांना गेरू किंवा लाल रंग फासतात. ओल्या बोटाने चोळून पाहा. बोट थोडं लाल झालं तर गेरू आहे, तो घासून निघतो. बोट कोरडं राहिलं आणि पाण्याचा थेंब अंगावर मोत्यासारखा बसून राहिला, तर तैलरंग किंवा वॉर्निश आहे. ती कुंडी सोडून द्या. थेंब मिनिटभरात शोषला गेला पाहिजे.

बोटाच्या पेराने टिचकी मारून बघा. खणखणीत आवाज आला तर भाजणी बरी आहे. बद्द आवाज येत असेल तर एकतर तडा आहे किंवा कच्चं भाजलंय. कच्ची कुंडी लवकर जुनी दिसते हे खरं, पण क्षार आणि पावसाने तिचे पोपडे सुटायला लागतात आणि मग ती जुनी न राहता संपते.

धारावीचा किंवा पुण्यातला कुंभारवाडा, गोव्यात डिचोलीकडचे कुंभार, नाहीतर गावचा बाजार, कुठूनही घेतली तरी एक विचारून बघा: भट्टीत धूर लागून काळा डाग पडलेली एखादी आहे का? गिऱ्हाईक ती बाजूला सारतं. आपल्याला तीच आधी हवी.

सिमेंटच्या कुंड्यांवरही शेवाळ येतं, पण नव्या सिमेंटमधला चुना मुरेपर्यंत बराच काळ जातो आणि रंगही राखाडीच राहतो. चकाकी दिलेल्या चिनी मातीच्या कुंड्यांना यातलं काहीच लागू नाही.

धुणं, भिजवणं, घासणं

कुंडी काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने आतून-बाहेरून घासून धुवा. साबण नको. छिद्रांत राहिलेला साबण पुढे प्रत्येक थराच्या आड येतो. मग बादलीत किंवा टाकीत पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा. सुरुवातीला बुडबुडे येत राहतील, ते थांबले म्हणजे भिंत पाण्याने भरली.

आता झीज. कुंडी ओली असतानाच ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, नाहीतर खडबडीत दगड. काठाची बाहेरची कड, पोटाचा सर्वांत पुढे आलेला भाग आणि बुडाची कड, एवढंच घासा. काठावर दोन ठिकाणी जास्त, बाकी नुसता हात फिरवा. ओलं असतानाच घासायचं, कारण कोरड्या भाजलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना वाईट असते. हातोडीने टवके काढायच्या मोहात पडू नका. टवका आपल्याला हवा तेवढाच निघत नाही, तडा खालपर्यंत जातो.

काळे ओघळ

पावसाळा संपल्यावर मुंबईतल्या इमारतींवर जे काळे ओघळ दिसतात ते बहुतेक वाळलेल्या शेवाळाचे असतात. तसा काळा रंग कुंडीवर आणायला लोक डांबर, बूटपॉलिश, इंजिन ऑइल असलं काहीही वापरतात. तेल आणि डांबर छिद्रं बुजवतात, आणि छिद्रं बुजली की पुढचं खरं जुनं होणंही थांबतं.

त्यापेक्षा हिरडा आणि लोखंड घ्या. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या शाईचं आणि कापडावरच्या काळ्या छपाईचं हेच सूत्र. हिरडे सह्याद्रीच्या जंगलातले, पूड काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानात मिळते.

आधी लोखंडाचं पाणी करून ठेवायला हवं. मूठभर गंजके खिळे काचेच्या बरणीत घालून ते बुडतील एवढं पांढरं व्हिनेगर ओता आणि आठवडाभर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. व्हिनेगरऐवजी गुळाचं पाणीही चालतं. छपाई करणारे कारागीर तेच वापरतात, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि वासही येतो. मग पाणी गाळून घ्या.

दोन चमचे हिरड्याची पूड अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, निवू द्या, फडक्यातून गाळा. हा काढा काठाखालच्या पट्ट्यावर आणि जिथून ओघळ यावेत असं वाटतं तिथे ब्रशने लावा. एखाद्या ठिकाणी ब्रश टेकवून काढा आपणहून खाली वाहू द्या, ती वाट खऱ्यासारखी होते. वाळू द्या. मग लोखंडाच्या पाण्यात दहापट साधं पाणी मिसळून तेच ओघळ पुन्हा ओढा. काही मिनिटांत रंग गडद व्हायला लागेल. पहिल्यांदा फिकटच ठेवा. वाढवायला एक हात पुरतो, कमी करणं अवघड. हात, फरशी आणि कपडे सांभाळा, हा डाग निघत नाही.

हे काम चुन्याच्या आधी उरकायचं. व्हिनेगर आंबट, चुना त्याच्या उलट. नंतर लावलं तर ते चुना खाऊन टाकतं. आधी लावून वर चुना आला की काळा थोडा तपकिरीकडे झुकतो, आणि तसाच तो जास्त खरा वाटतो.

चुना

कुंडीचं वय सर्वांत जास्त दाखवतात ते पांढरे डाग, आणि ते टिकाऊ करायचे तर चुन्याला पर्याय नाही. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. बोअरच्या पाण्याने नळाभोवती जमणारा पांढरा थर मुख्यतः याचाच असतो. म्हणजे दिसणारा डाग नक्कल असला तरी पदार्थ अस्सल आहे.

भिजवलेला चुना रंगाच्या दुकानातून आणा. एखाद-दोन कुंड्यांपुरता पानवाल्याकडच्या डब्यांतला चुनाही चालेल. चुनकळी आणून घरी विरवण्याच्या फंदात पडू नका. पाणी पडताच ती उकळते आणि अंगावर उडते. भिजवलेला चुनाही डोळ्यांत गेला तर इजा करतो, म्हणून हातमोजे आणि चश्मा हवाच. डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

एक भाग चुना आणि चार भाग पाणी, पातळ ताकाइतकं. घर पांढरं करताना चुना पकडून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल घालतात, इथे घालू नका. आपल्याला तो अर्धवट निघून जायलाच हवा आहे.

कुंडी ओलसर असावी, पण पाणी निथळत नसावं. कोरड्या कुंडीवर चुना पटकन वाळतो, मुरत नाही आणि हात लावला की पूड होऊन निघतो. जाड केसांच्या जुन्या ब्रशने मधल्या भागावर थापटत लावा. ब्रश ओढला तर रेषा दिसतात. मातीची पातळी जिथे येणार त्या उंचीवर एक दाट, वेडावाकडा पट्टा द्या, कारण खऱ्या कुंडीत क्षार तिथे जास्त जमतात. खाली उतरताना मधे मधे मोकळी जागा सोडा. दहा-पंधरा मिनिटांनी ओल्या गोणपाटाने पुसायला घ्या. उंचवट्यांवरचा चुना जातो, खाचांतला राहतो. चाकावर पडलेल्या बोटांच्या रेषा असतील तर त्या इथे फार छान उठून येतात.

कुंडी सावलीत ठेवा आणि दोन-तीन दिवस रोज पाण्याचा हलका फवारा मारा. चुन्याला पक्कं व्हायला ओलावा लागतो. मे महिन्याच्या उन्हात ठेवली तर चुना नुसता वाळेल, पक्का होणार नाही. वाळल्यावर डाग फिके वाटले तर दुसरा हात द्या, पण पहिल्यापेक्षा कमी जागेवर. ओला चुना अगदी पुसट दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो. हे लक्षात न घेता लोक ओल्यातच थरावर थर देतात आणि सकाळी कुंडी पांढरीफेक दिसते.

चुना फक्त बाहेरून. आत गेला तर माती अल्कधर्मी होते, आणि अनंत, एक्झोरा यांसारखी आम्ल माती आवडणारी झाडं पिवळी पडायला लागतात.

आतून येणारे क्षार

ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांना पांढऱ्या डागांसाठी फारसं काही करावं लागत नाही. तलावाचं पाणी पिणाऱ्या मुंबईत तेच डाग यायला वर्षं लागतात. मग थोडी मदत करायची. कुंडीचं भोक ओल्या चिकणमातीने बुजवा आणि ती आरओ यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याने भरा. त्यात क्षार एकवटलेले असतात. वाऱ्याच्या जागी ठेवून पाणी कमी होईल तसं भरत राहा. आणखी लवकर हवं असेल तर लिटरभर कोमट पाण्यात चार चमचे एप्सम सॉल्ट विरघळवून भरा. हवा कोरडी असेल तर काही दिवसांत भिंतीवर पांढरी लव उमटते. हवी तेवढी आली की कुंडी रिकामी करून आतून दोन-तीनदा धुवा.

एप्सम सॉल्टची लव पाण्यात विरघळते, उघड्यावरच्या कुंडीवरून ती पहिल्याच सरीत जाते. म्हणून हा उपाय छताखालच्या कुंड्यांसाठी. खाण्याचं मीठ मात्र वापरू नका. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, दमट दिवसांत कुंडीला घाम फुटतो आणि झाडाच्या मुळांनाही ते घातकच. कोणताही क्षार अति झाला तर छिद्रांमध्ये त्याचे स्फटिक वाढून भिंतीचा पापुद्रा उचलतो. एकदा केलं की पुरे.

चिखल

हे सगळ्यांत सोपं आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. अंगणातली माती पाण्यात कालवून सैलसर चिखल करा. माती तिथलीच हवी. कोकणातल्या जांभ्या मातीच्या अंगणात काळ्या मातीचे शिंतोडे असलेली कुंडी ओळखू येते. कुंडी भिंतीशी जिथे राहणार तिथे ठेवून ब्रश चिखलात बुडवा आणि बोटाने झटकून बुडाजवळ शिंतोडे उडवा. वीतभरापेक्षा वर जाऊ देऊ नका. वाळल्यावर कोरड्या फडक्याने झटका, जेवढं राहील तेवढं बरोबर.

शेवाळ

ताक आणि शेवाळ एकत्र वाटून कुंडीला फासा, हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. शेवाळाच्या तुकड्यापासून नवं शेवाळ वाढतं एवढा त्यातला भाग खरा. ताकाची भूमिका मात्र फारच फुगवलेली आहे. दाट ताक फासलं तर आधी पांढरी बुरशी येते, मग मुंग्या, आणि मांजर असेल तर तेही चाटायला येतं. शेवाळाला खरं लागतं ते ओल, सावली आणि खडबडीत पृष्ठभाग.

चुना लावला असेल तर किमान तीन-चार आठवडे थांबा. ताजा चुना इतका तीव्र असतो की त्यावर काहीच जगत नाही. उलट क्रमाने, म्हणजे शेवाळावर चुना दिला, तर शेवाळ जळून जाईल.

शेवाळ गच्चीच्या कठड्यावरून किंवा कंपाउंडच्या भिंतीवरून खरवडा. कासच्या पठारावरून किंवा किल्ल्याच्या तटबंदीवरून काढून आणू नका. ती ठिकाणं संरक्षित आहेत, आणि जंगलातलं शेवाळ शहरातल्या गच्चीवर टिकतही नाही. तुमच्याच भिंतीवर वाढलेलं तुमच्या हवेला सरावलेलं असतं. झाडांवरचं दगडफूलही ओरबाडू नका. ते इतकं सावकाश वाढतं की कुंडीवर चिकटवून काही उपयोग होत नाही.

मूठभर शेवाळ हाताने कुस्करा. त्यात एक वाटी शेणकाला घाला, म्हणजे ओंजळभर ताजं शेण दहापट पाण्यात कालवून गाळलेलं. शेण मिळत नसेल तर तांदळाची पातळ पेज किंवा आठपट पाणी घातलेलं ताक चालेल. चमचाभर बारीक माती घाला, त्याने मिश्रण चिकटून राहतं. रात्रभर भिजलेल्या कुंडीवर हे ब्रशने लावा, सगळीकडे नको. जी बाजू उत्तरेला किंवा भिंतीकडे राहणार ती, बुडाजवळचा पट्टा आणि काठाखालची खाच.

कुंडीत ओली माती भरून ठेवा, झाड लावलं असेल तर उत्तमच. आतून ओल मिळाली की बाहेरचा थर वाळत नाही. वरून ओलं गोणपाट सैल गुंडाळा आणि सकाळ-संध्याकाळ फवारा मारा. क्लोरीनचं पाणी असेल तर बादलीत रात्रभर उघडं ठेवून वापरा. पावसाळ्यात आधी हिरवट, बुळबुळीत पातळ थर दिसायला लागतो, आणि मखमलीसारखे ठिपके त्यानंतर. हिरवा थर दिसला की गोणपाट काढून टाका.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे शेवाळ तपकिरी होऊन मेल्यासारखं दिसेल. खरवडू नका. बरीच जातीची शेवाळं पूर्ण वाळूनही जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होतात.

हे करताना बादल्या, टाक्या आणि कुंडीखालच्या ताटल्या यांत पाणी साठतं. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास हा प्रवास साधारण आठवडा-दहा दिवसांत होतो, म्हणून दर चार-पाच दिवसांनी सगळं उपडं करून कोरडं करा.

कधी काय

हिरडा आणि चुना फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा कोरडी पण ऊन कडक नसताना. क्षार उमटवायला एप्रिल-मे, कारण तेव्हा पाणी सर्वांत वेगाने उडतं. चिखल आणि शेवाळ जूनमध्ये, पाऊस नीट सुरू झाल्यावर. नवरात्रापर्यंत कुंडी मार्गी लागते.

दोन दिवसांत हवी असेल, लग्नाच्या सजावटीसाठी वगैरे, तर ॲक्रिलिक रंग पाण्यात भरपूर पातळ करून स्पंजने थापटा. आधी मातकट तपकिरी, मग राखाडी, शेवटी अगदी थोडा पांढरा. फोटोत छान दिसतं. पण हा रंग छिद्रांवर थर धरतो आणि पावसाळ्यात पापडासारखा सुटतो. घरातल्या कुंड्यांपुरताच ठेवा.

जास्त झालं तर

चुना भडक झाला असेल तर व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन फडक्याने टिपा. फेस येईल, चुना विरघळेल, मग भरपूर पाण्याने धुवा. झाड लावलेलं असेल तर मातीवर प्लॅस्टिक झाका. काळा रंग जास्त झाला असेल तर पॉलिश पेपरने उंचवट्यांवरचा काढा आणि उरलेल्यावर पातळ चुना पुसून घ्या. शेवाळ नको तिथे आलं तर कुंडीची ती बाजू उन्हाकडे फिरवा, महिनाभरात ते मागे हटतं. आणि सगळंच फसलं असं वाटलं तर कुंडी दोन दिवस पाण्यात बुडवून काथ्याने घासा. हिरड्याचा काळा राहील, बाकीचं बरंचसं निघेल. मग पुन्हा चुन्यापासून सुरुवात करता येते.